वारा अडलेली चाळ

मित्रांनो, आलेल्या पत्राला उत्तर द्यायचे असते, हे तुम्हालाही ठाऊक असेल. आमच्या कानिफनाथ आबांना तर ते चांगलेच ठाऊक होते. तरीही यंदा ज्येष्ठात अकोले तालुक्यातल्या डोंगरातून आलेल्या एका पत्राला त्यांनी उत्तर दिले नाही. आषाढ सरला, श्रावण सरला, पोळाही होऊन गेला. ते पत्र माझ्याच छपराखाली, वाशाला गुंडाळलेल्या तारेत खोचलेले होते. आबा रोज त्याच्याकडे बघायचे आणि रोज दुसरीकडे बघायचे. त्यांना लाज वाटायची. खरे सांगायचे तर त्या लाजेत माझाही वाटा होता.

मी एक जुनी कांदाचाळ आहे. राहात्याजवळच्या एका वस्तीवर उभी आहे. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. आबांच्या सहवासात इतकी वर्षे गेल्यामुळे की काय, त्यांचा भिडस्तपणा माझ्या बांबूंतही उतरला आहे. आपली गोष्ट सांगण्यासारखी आहे का, असे मनात येऊन मी पुष्कळदा गप्प बसले. पण यंदा जे झाले ते सांगितले नाही, तर कोंडलेली हवा माझ्या अंगातच राहील.

आबा तरुण होते तेव्हा त्यांनी मला बांधले. माझे बांबू अकोल्याचे. तिकडे बांबू चांगला मिळतो असे कळल्यावर आबा एसटीने आणि पुढे जीपने डोंगरातल्या एका गावी गेले. तिथे चांगुणाबाई आणि त्यांचे मालक यांच्या बांधावर बांबूचे बेट होते. तोडणी होईपर्यंत दुपार झाली. चांगुणाबाईंनी आबांना जेवायला बसवले. आबांनी लाजत लाजत पिशवीतून घरचे दोन कांदे काढले आणि ताटाशेजारी ठेवले. चांगुणाबाईंनी एक कांदा बुक्कीने फोडला, पाकळी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्यो कुठला वो कांदा? तिखट हाय, पर जिभेला झोंबत न्हाई. याचं उळं द्या की मला."

उळे म्हणजे कांद्याचे बी. आबांनी पुढच्या खेपेला ते नेऊन दिले. तेव्हापासून चांगुणाबाई आबांना भाऊ म्हणू लागल्या. बांबू इकडे आले, बी तिकडे गेले. माझ्या जन्माची कथा एवढीच आहे.

मला दारे नाहीत, खिडक्या नाहीत, भिंतीसुद्धा नाहीत. दगडी खांबांवर उचलून धरलेला बांबूच्या पट्ट्यांचा तळ, दोन्ही बाजूंना फटी ठेवून बांधलेल्या पट्ट्या, वर पत्रा आणि उन्हाच्या दिवसांत पत्र्यावर उसाचे पाचट. बघणाऱ्याला मी अर्धवट राहिलेले घर वाटेन. पण कांदा काढला म्हणून मरत नाही. तो श्वास घेत असतो, त्याच्या अंगातून ओलावा निघत असतो. तो ओलावा वाऱ्याने नेला तर कांदा टिकतो. वारा आत यावा आणि बाहेर जावा, यासाठीच माझ्या फटी आहेत. फटी हेच माझे काम. माझ्यातला कांदा दिवाळीपर्यंत कडक राहायचा. आजूबाजूच्या वस्त्यांवरून लोक मला बघायला यायचे आणि पट्ट्यांमधले अंतर बोटांनी मोजून घ्यायचे. तेव्हा आबा मान खाली घालून हसायचे.

माझ्या पश्चिमेच्या टोकाला एक लहानसा कप्पा आहे. तो गोटांचा. गोट म्हणजे बियाण्यासाठी राखलेले कांदे. आबांच्या आईने जपलेले ते वाण होते. फिकट गुलाबी, चपट्या बुडाचे, बारीक मानेचे कांदे. आबा ते एकेक हातात घेऊन निवडायचे. दसऱ्याच्या पुढे ते पुन्हा जमिनीत लावायचे, मग थंडीत त्यांना पांढरे गोंडे यायचे, मधमाश्या घोंगावायच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडाला काळे बारीक बी हाती यायचे. हे बी फार दिवस टिकत नाही. वर्ष उलटले की त्याची उगवण जाते. म्हणून दरवर्षी गोट ठेवायचे, दरवर्षी लावायचे. यात एक वर्षही सुटून चालत नाही.

अलीकडे आबांचा मुलगा अमृत शेतभर बाजारच्या बियाण्याचा कांदा लावतो. त्यात चूक काही नाही. घरचा कांदा आबांच्या हौसेखातर एका वाफ्यापुरता उरला होता. यंदा त्या वाफ्याच्या शेजारचे गोंडे दाणे भरायच्या आधीच गारांनी झोडपले. बियाण्याचा डबा रिकामा राहिला. त्यामुळे आबांच्या आईचा सगळा कांदा आता माझ्या त्या लहानशा कप्प्यातच उरला होता.

आता खोक्यांविषयी सांगते.

अमृतची बायको रेश्मा. कामाला वाघीण आणि मनाने स्वच्छ. राहात्याच्या बाजारात जायचे तर सकाळचे दूध, जनावरे, मुले सगळे सोडून जावे लागे. मग तिने मोबाईलवरून सामान मागवायला सुरुवात केली. आधी मुलीची चप्पल आली, मग डबे, मग गाऊन. सामान घेऊन कल्याण नावाचा मुलगा मोटारसायकलवर यायचा. एकाच दिवशी मागवलेल्या चार वस्तू चार दिवशी, चार पुडक्यांत यायच्या. चार वेळा त्याची गाडी वस्तीवर धूळ उडवायची.

"काकू," तो आबांच्या बायकोला, लंकाबाईंना, म्हणायचा, "तुमच्या वस्तीचा रस्ता आता माझ्या गाडीलाच पाठ झालाय. मी झोपलो तरी ती येईल."

लंकाबाई आधी फार कुरकुर करायच्या. एकदा कुकर मावेल एवढे खोके आले. आत कागद, त्याच्या आत फुगवलेल्या पिशव्या, त्याच्या आत बोटाने फुटणाऱ्या हवेच्या फोडांचे प्लास्टिक आणि सगळ्यात आत एक चहाची गाळणी.

"अगं बाई, गाळणी मागवली का गाळणीचं घर?" लंकाबाई म्हणाल्या.

"आत्या, ती तुमचीच गाळणी हाय," रेश्मा म्हणाली. "परवा तुमीच म्हनल्या, बारीक जाळीची पायजे."

"मी म्हनले. पर एवढ्या थाटात ये म्हनले का तिला?"

पुढे लंकाबाईंच्या गुडघ्याचा पट्टा आला, मग तेल आले, मग दुसरा पट्टा आला, कारण पहिला सैल झाला. पहिला परत गेला. त्यासाठी कल्याण पुन्हा आला. कल्याणची गाडी वाजली की लंकाबाईच आधी ओट्यावर येऊ लागल्या.

आणि मित्रांनो, आबासुद्धा यातून सुटले नव्हते. आबांना वाचनाचे वेड. पूर्वी ते नगरला कामानिमित्त गेले की पुस्तक आणायचे आणि ते वर्षभर पुरवायचे. आता त्यांनाही मोबाईलवर पुस्तके दिसू लागली. प्रत्येक पुस्तक फोडांच्या प्लास्टिकात गुंडाळून यायचे. आबा माझ्या सावलीत खुर्ची टाकून बसायचे, प्लास्टिक हळूच उलगडायचे, त्याची नीट घडी घालायचे आणि अपराध्यासारखे इकडेतिकडे बघायचे. ते टाकून देणे त्यांच्या जिवावर यायचे.

टाकायचे तरी कुठे? वस्तीवर कचऱ्याची गाडी येत नाही. उन्हाळ्यात अमृतने एकदा ढीग पेटवला होता. त्याचा काळा धूर गोठ्यात शिरला, जनावरे खोकली आणि मुलीचे डोळे दिवसभर चुरचुरले. उडून गेलेल्या पिशव्या ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळल्या आणि त्यांचे तुकडे होऊन मातीत मिसळले. अजूनही नांगरट झाली की ते वर येतात. म्हणून आबा सगळे प्लास्टिक घडी घालून साठवू लागले. कधीतरी उपयोग होईल, एवढाच त्यांचा विचार.

तो उपयोग वैशाखात झाला. अवेळी पाऊस आला आणि पश्चिमेकडून तिरक्या सरी गोटांच्या कप्प्यात घुसू लागल्या. आबा धावत आले. पूर्वी ते अशा वेळी गोणपाट लावायचे. गोणपाटातून पाणी अडते, पण थोडा वारा जातो. यंदा हाताशी ते स्वच्छ, घड्या घातलेले फोडांचे प्लास्टिक होते. आबांनी ते चिकटपट्टीने एकमेकांना जोडले आणि पुस्तकाला कव्हर घालावे तितक्या मायेने माझ्या पश्चिमेच्या फटींवर चढवले.

"पाऊस उघडला की काढतो," ते स्वतःशी म्हणाले.

पाऊस पुरता उघडलाच नाही. तरी सुरुवातीला काही बिघडले नाही, कारण पूर्वेकडून वारा येत होता. ज्येष्ठात चांगुणाबाईंचे पत्र आले. आबांचा फोन नंबर बदलला होता, म्हणून चांगुणाबाईंनी नातीकडून, ज्ञानेश्वरीकडून, पत्र लिहून घेतले होते. आबांनी ते माझ्याजवळ बसून वाचले.

"भाऊ, दोन वर्सं मी आंथरुनाला हुते. कांदा कुनी लावलाच न्हाई. बी गेलं. तुमचं म्हनून जपलं हुतं, माझ्या हातून गेलं. ओंजळभर गोट द्या. आता पायांत जीव आलाय, पुन्यांदा लावीन."

आबांचे डोळे भरले. दसऱ्याला गोट घेऊन स्वतःच जायचे आणि पत्राचे उत्तर तिथेच द्यायचे, असे त्यांनी ठरवले. म्हणून पत्र तारेत खोचून ठेवले. तेव्हा त्यांच्या मनात लाज नव्हती, आनंद होता.

आषाढात अमृतने बाजारच्या बियाण्याचा कांदा विकला आणि माझे मोठे कप्पे रिकामे झाले. घरात खोक्यांचा ढीग झाला होता. वस्तू बदलून घ्यायची तर तिचेच खोके लागते, म्हणून रेश्मा एकही खोके फेकत नव्हती. रिकामी चाळ बघून तिने ती सगळी खोकी माझ्यात आणून रचली, गोटांच्या कप्प्याला टेकून, तळापासून छपरापर्यंत. पश्चिमेला आबांचे प्लास्टिक, पूर्वेला रेश्माची खोकी. माझा श्वास अडला.

आबांनी ते पाहिले. सायंकाळी ते लंकाबाईंना म्हणाले, "त्या खोक्यांचं रेश्माला जरा सांगशील का? गोटांना वारा न्हाई."

"तुमीच सांगा की. जीभ काय पुस्तकात ठिवून आलात?"

"सुनेला मी कसं सांगू?"

"आन मी सांगितलं की मी खाष्ट सासू. न्हाई बाई. तुमची चाळ, तुमचे गोट."

आबांनी मनाचा हिय्या केला आणि दुसऱ्या दिवशी रेश्मा अंगणात दिसल्यावर खाकरले. तेवढ्यात कल्याणची गाडी आली. "आबा, तुमचं पुस्तक!" त्याने आरोळी दिली आणि आबांच्या हातात एक फुगीर पुडके ठेवले. आबांनी हातातल्या पुडक्याकडे पाहिले, माझ्यातल्या खोक्यांकडे पाहिले आणि खाकरणे गिळून टाकले. आपणच यातले, मग कोणत्या तोंडाने सांगायचे? ते पुस्तक घेऊन आत गेले.

त्या दिवशी मला बोलता आले असते तर! पण चाळीला वासाखेरीज जीभ नसते. श्रावणात मी वासाने बोलू लागले. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले होते. ते पुन्हा कांद्यांवर पडत होते. कांद्यांच्या माना मऊ पडल्या, सालींवर काजळी आली. लंकाबाईंना वाटले उंदीर मेला असेल. रेश्माला वाटले पावसाळी वास आहे. आबांना काय वाटले ते मला ठाऊक नाही. मला वाटते, त्यांना कळले होते आणि बघायचा धीर होत नव्हता. ते माझ्या सावलीत बसेनासे झाले.

पोळ्यानंतर एका सकाळी रेश्मा मुलीचा फ्रॉक परत करायचा म्हणून खोके न्यायला आली. तिने खालचे खोके ओढले, तर त्याचा तळ गळून पडला आणि तपकिरी पाणी तिच्या पायांवर आले. "अहो, इकडं या!" तिने हाक मारली. अमृत आला, लंकाबाई आल्या. सगळ्यांच्या मागून आबा आले.

खोकी बाहेर काढली. आबांनी कप्प्यात हात घातला. कांदा हातात आला तो चिखल होऊनच. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. वरून धड दिसणारे काही होते, पण मानेशी दाबले की अंगठा आत जायचा. आबा तळापर्यंत गेले. मग हात तसाच धरून उभे राहिले.

"एकबी न्हाई?" लंकाबाईंनी विचारले.

"न्हाई," आबा म्हणाले.

माझ्या पोटात ठेवलेले धन माझ्याच पोटात सडले होते. मित्रांनो, चाळीला याहून मोठी नामुष्की नसते.

सडलेला कांदा एरवी उकिरड्यात टाकतात, त्याचे खत होते. पण या कांद्यांत चिकटपट्टी, फोडांचे प्लास्टिक, पत्त्यांच्या चिठ्ठ्या लडबडल्या होत्या. "पेटवून द्या सगळं," अमृत वैतागून म्हणाला.

"वला कांदा पेटतो व्हय रं? आन मागला धूर इसरला?" लंकाबाई म्हणाल्या.

मग सगळे पदराने, रुमालाने नाक बांधून बसले आणि हाताने निवडू लागले. कांदा एका पाटीत, प्लास्टिक दुसऱ्या पाटीत. प्लास्टिकची पाटी लवकर भरत होती. रेश्माने एक तुकडा उचलला, त्यावरची चिठ्ठी पुसली आणि थांबली. वर आबांचे नाव होते.

"माझंच हाय," आबा म्हणाले. "पश्चिमेकडनं मीच लावलं. पुस्तकांचं." सासरा सुनेशी इतके सरळ प्रथमच बोलला असावा.

रेश्मा सासऱ्यांना मामा म्हणायची. ती म्हणाली, "मामा, आन पूर्वेकडनं खोकी मी लावली. मला तुमी एक शब्द तरी सांगायचा हुता. मी काय खाल्लं असतं तुमाला?"

"माझ्या पट्ट्याचं आन तेलाचं खोकंबी हाय त्यात," लंकाबाई हळूच म्हणाल्या. मग सगळे पुन्हा निवडू लागले.

निवडून झाले तेव्हा लंकाबाईंनी तारेतल्या पत्राकडे बोट केले. "आन त्या बाईचं काय करनार? ती वाट बघत आसंल."

आबा खाली बसले. अमृतला बापाची अवस्था बघवेना. तो म्हणाला, "आबा, एवढं काय त्यात? मोबाईलवर कांद्याचं बी मिळतं. तिच्या पत्त्यावर पाठवून देऊ. आपलंच म्हनून सांगायचं. उगवल्यावर कांदा तो कांदा. तिला काय कळतंय?"

रेश्माने हात धुतले, मोबाईल घेतला. चित्रात लालबुंद, गोल, एकसारखे कांदे होते. तिने पत्रावरून गावाचे नाव टाकले, पिनकोड टाकला. "करू का मामा?" तिने विचारले.

आबा गप्प राहिले. मी त्यांना ओळखते. गप्प राहिले की लोक त्यालाच होकार समजतात, आणि आबांना ते सोयीचे वाटते. तसे झाले असते तर कल्याणसारखा कोणी मुलगा घाट चढून त्या डोंगरात गेला असता, फोडांच्या प्लास्टिकात गुंडाळलेले पुडके चांगुणाबाईंच्या हाती दिले असते, आणि त्यांनी भावाचे बी म्हणून ते कपाळाला लावले असते. रेश्माचा अंगठा मोबाईलवर खाली येत होता.

"थांब पोरी," आबा म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तिनं खरं लिवलंय. माझ्या हातून गेलं म्हनून लिवलंय. आन मी तिला खोटं बी धाडू?"

रेश्माने मोबाईल पदरात टाकला.

मित्रांनो, उपदेश करण्याइतकी मी मोठी नाही. ज्या चाळीत बियाणे सडले, तिने कुणाला काय शिकवावे? खरेदी करू नका असेही मी म्हणत नाही. लंकाबाईंचा गुडघा पट्ट्यानेच थोडा सुधारला आहे. पण मागवण्यापूर्वी एवढे विचारा की ही वस्तू घरात आल्यावर तिचे हे पुठ्ठ्या-प्लास्टिकचे कपडे कुठे जाणार आहेत. चार वेळा मागवण्याऐवजी थांबून एकदा मागवता येईल का? नाही आवडले तर बदलू म्हणून मागवायचे असेल, तर मागवायचेच का? आणि घरात काही साठत असेल, कुणाचा वारा अडत असेल, तर भीड न ठेवता बोला. आमच्याकडे कोरडी खोकी भंगारवाल्याने नेली. प्लास्टिक त्याने घेतले नाही. ते पोत्यात भरून माझ्या मागे पडून आहे. त्याचे काय करावे, हे आबांना, अमृतला, कुणालाच अजून सुचलेले नाही. माझ्यानंतरही ते इथेच असेल, हे कळून मला फार ओशाळल्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी आबांनी पोस्टातून एक कार्ड आणले आणि पुन्हा माझ्या सावलीत बसून लिहिले. लिहिता लिहिता ते पुटपुटत होते, म्हणून मला कळले.

"चांगुणाबाई, पत्र ज्येष्ठात पोचले. उत्तराला उशीर झाला, कारण लाज वाटत होती. गोट सडले. पश्चिमेचा वारा मी अडवला, पूर्वेचा घरच्यांनी, आणि मला बोलायचा धीर झाला नाही. आईचा कांदा आता माझ्याकडे नाही. तुम्ही मागे कुणाला त्यातले बी दिले असेल तर त्यांचे नाव कळवा, मी स्वतः जाऊन मागेन. कुणाला दिले नसेल, तर तो संपला असे समजा. बांबू अजून चांगले आहेत. तुमचा भाऊ, कानिफनाथ."

लंकाबाईंनी खांद्यावरून वाचले. "आवो, पाकिटात तरी घाला. पोस्टमन वाचंल, अख्ख्या गावाला कळंल."

"वाचू दे," आबा म्हणाले. "याला गुंडाळायला काही नको."

माझ्या पश्चिमेवर आता काही बांधलेले नाही. फटींतून थेट रस्ता दिसतो. रस्त्याकडेच्या शेती सोसायटीच्या भिंतीवरच्या टपालाच्या लाल पेटीपाशी आबा पोचले, मिनिटभर घुटमळले, इकडेतिकडे बघितले. मग त्यांनी ते उघडे कार्ड पेटीत टाकले.